एक्स-रेत दिसलेली झीज आणि दुखणारा जबडा

माझ्या ओपीजीचा, म्हणजे सगळे दात आणि जबडे एकत्र दाखवणाऱ्या एक्स-रेचा, रिपोर्ट एका पानाचा होता. बऱ्याचशा ओळी दातांबद्दल होत्या: कुठे जुनं रूट कॅनाल, कुठे कीड, खालची उजवी दाढ तुटलेली. त्याखाली, सहीच्या जरा वर, जबड्याच्या सांध्यांबद्दल थोडं लिहिलं होतं. उजव्या कंडाईलचा, म्हणजे खालच्या जबड्याच्या सांध्यातल्या टोकाचा, माथा सपाट झालेला, पुढच्या कडेला हाडाचं टोक आलेलं. डाव्या बाजूलाही सपाटपणा. दोन्ही सांध्यांत डीजनरेटिव्ह बदल, म्हणजे झीज. क्लिनिकल कोरिलेशन करावं, म्हणजे प्रत्यक्ष तपासणीशी ताडून पाहावं. त्या दोन ओळींनी माझी झोप उडवली.

पुढे काय काय झालं ते सविस्तर लिहिते आहे. जबड्याच्या सांध्याबद्दल मराठीत साध्या भाषेत लिहिलेलं कमी सापडतं. असा रिपोर्ट हातात पडलेल्या माणसाला सगळ्यात आधी जे कळायला हवं, ते मला बरंच फिरल्यावर कळलं. चित्रात झीज किती दिसते आणि माणसाला त्रास किती होतो, यांचा मेळ बसेलच असं नाही.

मी मुलुंडला राहते. एका मराठी माध्यमाच्या शाळेत आठवी ते दहावीला मराठी आणि इतिहास शिकवते, म्हणजे दिवसभर बोलणं हेच काम. पन्नाशी ओलांडली आहे. उजव्या कानाच्या पुढे दुखायला लागून बरेच महिने झाले होते. सकाळी उठल्यावर जबडा आखडलेला असायचा. भाकरीचा कडक पापुद्रा, चिक्की, पावसाळ्यात गाडीवरचं भाजलेलं कणीस हे सगळं मी न ठरवताच डाव्या बाजूने खायला लागले होते. वडापावला मोठा आ वासावा लागतो म्हणून तो मोडून तुकड्या-तुकड्यांनी खायचे. कानच दुखतोय असं वाटून आधी कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे गेले. कान स्वच्छ, पडदा उत्तम. त्यांनीच बोट कानाच्या पुढे ठेवून मला तोंड उघड-मीट करायला सांगितलं आणि म्हणाले, ‘दातांच्या डॉक्टरांना दाखवून घ्या.’

आवाजाकडे माझं लक्ष वेधलं ते वर्गातल्या मुलीने. श्रुतलेखन चाललं होतं, वर्ग शांत. पहिल्या बाकावरची मुलगी म्हणाली, ‘बाई, तुम्ही बोलता तेव्हा काहीतरी वाजतं.’ मला आतून ऐकू यायचं, ते बाहेरही जातं हे तोवर ठाऊक नव्हतं. पूर्वी, तिशीत, जांभई देताना कट्कन एक आवाज व्हायचा. आता तसं एकदाच वाजत नव्हतं. तोंड उघडतानाही आणि मिटतानाही वाळूवर चप्पल घासल्यासारखी करकर यायची.

मग दाढेचा तुकडा पडला आणि आमच्या नेहमीच्या डेंटिस्टनी ओपीजी काढून आणायला सांगितलं. सेंटरवर कानातल्या कुड्या, मंगळसूत्र, केसांतल्या पिना, चष्मा सगळं काढून ठेवायला लावतात. धातू मध्ये आला की चित्रावर पांढरी सावली पडते. उभं राहायचं, हनुवटी आधारावर टेकवायची, पुढच्या दातांत प्लास्टिकची छोटी काडी धरायची, जीभ टाळूला लावून ठेवायची आणि हलायचं नाही. यंत्र डोक्याभोवती फिरतं, काही सेकंदांत काम होतं. दुखत-खुपत काही नाही. सगळे दात, दोन्ही जबडे आणि दोन्ही टोकांना सांधे असं लांबट चित्र मिळतं.

हे यंत्र मुळात दातांची कमान नीट दिसावी म्हणून आखलेलं आहे. घोड्याच्या नालेच्या आकाराचा एक पट्टा ते स्पष्ट टिपतं. पट्ट्याबाहेरचं धूसर होतं. सांधे त्या पट्ट्याच्या पार टोकाला येतात आणि किरण त्यांच्यावर तिरके पडतात. मान जरा वळली, हनुवटी जरा वर-खाली झाली, तर त्याच कंडाईलचा आकार वेगळा दिसू शकतो. मोठे बदल ओपीजीत कळतात, सुरुवातीचे बरेचदा निसटतात, आणि कधी कधी नसलेला सपाटपणाही दिसतो. हे मला नंतर समजलं. रिपोर्ट हातात आला तेव्हा मी तो दगडावरची रेघ समजून वाचला.

घरी आईने तो ऐकला. तिचे दोन्ही गुडघे बदललेले आहेत. ती म्हणाली, ‘अगं, म्हणजे आता तुझा जबडाही बदलावा लागणार की काय?’ तिच्या आवाजातली भीती खरी होती. संधिवात आमच्या घरात आहे, गुडघ्यांपायी माणूस कसा घरात अडकतो हे आम्ही पाहिलं आहे. मी शिकवणं सोडावं लागेल इथपर्यंत मनाने जाऊन पोचले होते.

आमचे डेंटिस्ट शांत माणूस. त्यांनी चित्र लॅपटॉपवर मोठं करून दाखवलं आणि म्हणाले, ‘बदल दिसतायत. पण मी दाढ बघतो, सांधा बघणारा माणूस वेगळा. त्यांना दाखवल्याशिवाय यावरून काही ठरवू नका.’ दाढेला त्यांनी तात्पुरतं फिलिंग भरलं.

मध्ये एका नातेवाइकांच्या सांगण्यावरून आम्ही एका चकचकीत क्लिनिकमध्ये गेलो. नाव लिहीत नाही. तिथे ओपीजी पाहून दहा मिनिटांत निदान झालं: तुमचा चावा चुकीचा बसतो म्हणून सांधा झिजला; वरच्या-खालच्या बहुतेक दातांना कॅप बसवून चावा उंच करू, म्हणजे झीज थांबेल. अंदाजपत्रक छापून हातात दिलं. माझ्या सांध्याला कुणी हात लावला नाही, तोंड किती उघडतं ते पाहिलं नाही. मी विचारलं, कॅप बसवल्यावरही दुखत राहिलं तर? उत्तर मिळालं की तशी वेळ येत नाही. धडधाकट दात घासून लहान करायचे आणि ते पुन्हा कधीच पूर्ववत होणार नाहीत, हे मला पटेना. मिस्टर म्हणाले, ‘घाई नको, आणखी एका ठिकाणी दाखवू.’ त्या एका वाक्याबद्दल मी त्यांची फार ऋणी आहे.

शाळेतल्या एका सहकारी बाईंनी नायर डेंटलचं नाव सुचवलं. मुलुंडहून दादर, तिथे पूल ओलांडून पश्चिम रेल्वे, मुंबई सेंट्रलला उतरून चालत. महापालिकेचं कॉलेज, त्यामुळे गर्दी असतेच. सकाळी लवकर जाऊन केसपेपर काढायचा, मग ओरल मेडिसिनच्या विभागात नंबर लावून बसायचं. बाकावर माझ्या शेजारी बरीच तरुण मुलं होती. त्यातल्या एकाला स्वतःची दोन बोटंही तोंडात सरळ घालता येत नव्हती. सुपारी-गुटख्याने तोंडाच्या आतली त्वचा ताठर होते, त्याला सबम्युकस फायब्रोसिस म्हणतात. महाराष्ट्रात गुटख्यावर २०१२ पासून बंदी आहे, तरी ही पोरं त्या बाकावर येतच आहेत. माझ्या पोटच्या मुलाच्या वयाचा तो मुलगा वरण-भाताचा घास कसा घेतो ते मला सांगत होता. माझं दुखणं त्याच्यापुढे काहीच नव्हतं.

म्हणूनच मलाही पहिला प्रश्न तोच आला: सुपारी, तंबाखू, मिश्री? नाही म्हटल्यावर पीजी करणाऱ्या डॉक्टर मुलीने खुर्ची जवळ ओढली आणि विचारायला सुरुवात केली. कधीपासून दुखतं, चावताना की नुसतंही? सकाळी जास्त की संध्याकाळी? हनुवटीवर कधी पडलात? झोपेत दात खाता का, घरचे काही म्हणतात का? तोंड कधी अडकून बसलंय का, दातखीळ बसल्यासारखं? बोटांची पेरं सकाळी ताठ असतात का, किती वेळ? एक प्रश्न मला फार वेगळा वाटला: ‘ताई, पुढच्या दातांनी दोरा तुटतो का अजून?’ मी म्हटलं, तुटतो. शिवणकाम करताना कात्री कोण शोधत बसतं? ती म्हणाली, ‘चांगलं आहे.’ कारण नंतर उलगडलं. दोन्ही बाजूंचा कंडाईल झपाट्याने झिजला की खालचा जबडा मागे-खाली जातो, दाढा आधी टेकतात आणि पुढच्या दातांत फट राहते. ती फट नवीन पडत असेल तर ते काळजीचं लक्षण.

मग तपासणी. ती मी मुद्दाम बारकाईने लिहिते आहे, कारण सगळ्या प्रकरणात मला खरं उत्तर तिथे मिळालं. तिने मोजपट्टी वरच्या पुढच्या दाताच्या कडेला लावली आणि दुखायला लागेपर्यंत तोंड उघडायला सांगितलं: ३१ मिलिमीटर. मग दुखलं तरी जमेल तितकं: ३६. साधारणपणे मोठ्या माणसाचं तोंड ४० मिलिमीटर किंवा त्याहून जास्त उघडतं. उघडताना माझी हनुवटी उजवीकडे सरकत होती, ते तिने आरशात मलाच दाखवलं. जबडा डावीकडे-उजवीकडे सरकवायला लावला, पुढे काढायला लावला, प्रत्येकाचा आकडा लिहिला. दोन्ही कानांपुढे बोटं ठेवून उघड-मीट करायला लावलं, मग स्टेथोस्कोप लावून ऐकलं. उजवीकडे करकर स्पष्ट. डावीकडे काहीही नाही.

शेवटी तिने कानशिलावर आणि गालफडावर, एकेका जागी, ठराविक जोराने बोट दाबायला सुरुवात केली. दर वेळी दोन प्रश्न: दुखलं का? आणि दुखलं असेल तर हे तुमचं रोजचं, ओळखीचं दुखणं आहे का? कुठेही जोरात दाबलं तर दुखतंच, म्हणून दुसरा प्रश्न. कानापुढे सांध्यावर बोट टेकलं तेव्हा मी हो म्हटलं, रोजचंच. पण गालाच्या मागच्या भागात, जिथे दात आवळले की स्नायू टरारतो, तिथे बोट दाबल्याबरोबर कळ थेट कानात गेली आणि माझ्या डोळ्यांत पाणी आलं. इतके महिने ज्याला मी कानदुखी म्हणत होते ती ही. सांध्याला आणि कानाच्या पुढच्या भागाला एकाच नसेच्या फांद्या जातात, आणि स्नायूची कळही कानाकडे धावते, त्यामुळे दुखतं एकीकडे आणि जाणवतं दुसरीकडे.

त्यानंतर विभागातल्या ज्येष्ठ मॅडम आल्या. त्यांनी माझा ओपीजी पाहिला, पीजी डॉक्टरांची टिपणं वाचली आणि मला विचारलं, ‘डाव्या बाजूला कधी दुखलंय?’ कधीच नाही. ‘रिपोर्टमध्ये दोन्ही बाजूंना बदल लिहिलेत ना? मग डावी का दुखत नाही?’ मला एकदम लख्ख दिसलं. माझ्याच तोंडात दोन सांधे, दोघांच्याही चित्रात बदल, आणि त्यातला एक अगदी मजेत काम करतोय.

मॅडमनी जे समजावलं ते माझ्या शब्दांत मांडते. खालच्या जबड्याचं वरचं टोक म्हणजे कंडाईल. तो कवटीच्या खोबणीत बसतो आणि मध्ये एक लवचिक चकती असते. तोंड थोडं उघडलं की कंडाईल जागच्या जागी फिरतो, जास्त उघडलं की चकतीसकट पुढे घसरतो. दोन्ही बाजूंचे सांधे एकाच हाडाला जोडलेले, त्यामुळे एक अडखळला की दुसऱ्याला फरफटत जावं लागतं. हनुवटी वाकडी जाते ती त्यामुळे. गुडघ्यातल्या कूर्चेपेक्षा इथलं अस्तर वेगळं असतं, तंतुमय, आणि बदलत्या भाराशी जुळवून घेण्याची त्याची ताकद बरी असते. वय, अनेक वर्षं दात आवळण्याची सवय, चकती जागची हलणं, जुना मार, सांध्यांचे आजार अशा कारणांनी भार बदलला की हाडही आपला आकार बदलतं. सपाट होणं हे पुष्कळदा असं जुळवून घेणंच असतं. काहीही त्रास नसलेल्या कितीतरी लोकांच्या एक्स-रेत ते सापडतं.

जबड्याच्या सांध्याच्या त्रासांचं निदान करायचे जगभरात वापरले जाणारे निकष २०१४ मध्ये ठरलेले आहेत, त्यांना डीसी-टीएमडी म्हणतात. त्यांत नुसता सपाटपणा किंवा हाडाची वरची पांढरी रेघ जाड होणं याला झिजेचा आजार म्हणत नाहीत; ते अनिश्चित मानतात. हाड कुरतडलेलं दिसणं, कडेला टोक येणं, हाडात पोकळी होणं याला आजाराची खूण मानतात, आणि तीही सीटी किंवा सीबीसीटीवर (दात-जबड्यांसाठीचा थ्रीडी स्कॅन) पाहून. जोडीला रुग्णाला आवाज येतो का आणि तपासताना करकर लागते का, हे लागतंच. रिपोर्टच्या शेवटी लिहिलेलं क्लिनिकल कोरिलेशन म्हणजे हे सगळं काम. चित्र वाचणाऱ्याने ते प्रामाणिकपणे दुसऱ्यावर सोपवलेलं असतं, आणि त्या चकचकीत क्लिनिकमध्ये नेमकं तेच गाळलं गेलं होतं.

सीबीसीटी करायचा का, यावर त्यांनी विचार केला. प्रत्येकाला गरज नसते. ओपीजीचा किरणोत्सर्ग अगदी थोडा, आपल्याला निसर्गातून काही दिवसांत मिळतो तितका. सीबीसीटीचा त्याहून जास्त. माझ्या बाबतीत करकर स्पष्ट होती, तोंड कमी उघडत होतं आणि मला कॅपचा मोठा उपचार सुचवला गेला होता, म्हणून एकदा पाहून घेऊ म्हणाल्या. सोबत सूज आणि संधिवात शोधणाऱ्या रक्ततपासण्याही लिहून दिल्या: ईएसआर, सीआरपी, आरए फॅक्टर, अँटी-सीसीपी. र्‍हुमॅटॉइड संधिवात जबड्यातही येतो, आणि तो असेल तर औषधाची दिशाच बदलते. आईच्या गुडघ्यांमुळे मला या तपासण्यांची सगळ्यात जास्त धास्ती होती. सगळ्या व्यवस्थित आल्या.

सीबीसीटीत उजव्या कंडाईलच्या पुढच्या कडेला टोक होतं, वर छोटा कुरतडलेला भाग होता. म्हणजे उजवीकडे झीज आहे, हे नक्की झालं. डावीकडे फक्त सपाटपणा, वरची रेघ सलग आणि गुळगुळीत. डाव्या सांध्याचं नाव आजाराच्या यादीतून कटलं.

मी कॅपच्या सल्ल्याबद्दल विचारलं. मॅडमनी त्या क्लिनिकबद्दल एक शब्द काढला नाही, पण विचार कुठून आला ते सांगितलं. अमेरिकेत सेंट लुईसला जेम्स कॉस्टेन नावाचे कान-नाक-घशाचे डॉक्टर होते. त्यांनी १९३४ मध्ये कान दुखणं, कानात आवाज येणं, चक्कर अशा तक्रारींचा संबंध दाढा पडून जबडा जास्त मिटण्याशी जोडला. कंडाईल मागे सरकून नसांवर दाब येतो, अशी त्यांची मांडणी होती. पुढे शरीररचनेच्या अभ्यासकांनी ती मांडणी खोडून काढली. पण चावा बसवला की सांधा बरा होतो, हा समज मात्र मागे राहिला. आज अमेरिकेतली दंतसंशोधनाची राष्ट्रीय संस्थासुद्धा रुग्णांना सांगते की सांधा, दात किंवा चावा कायमचा बदलणारे उपचार टाळा. तुटलेल्या दाढेला कॅप लागेल, ती दाढेसाठी. सांध्याला बरं वाटावं म्हणून चांगले दात घासायचे नाहीत.

आईचा प्रश्नही मी विचारला. जबड्याचा सांधा बदलण्याची शस्त्रक्रिया आहे. सांधा हाडाने जखडून गेला किंवा पार नष्ट झाला, अशा मोजक्या रुग्णांसाठी. माझ्यासाठी तो विषयच नव्हता. घरी जाऊन आईला हे आधी सांगितलं. तिने देवापुढे साखर ठेवली.

उपचार इतके साधे होते की पहिल्यांदा मी जरा हिरमुसले. दिवसभरात दातांवर दात टेकता कामा नयेत: ओठ मिटलेले, दात सुटे, जीभ टाळूला हलकी टेकलेली. घास घेताना सोडले तर वरचे-खालचे दात एकमेकांना लागायचं कारणच नसतं. मी उत्तरपत्रिका तपासताना दात घट्ट आवळून बसते, हे मला त्या दिवसापासून दिसायला लागलं. लाल पेनाला, मोबाइलच्या मागे आणि स्वयंपाकघरात ओट्यासमोर मी हिरव्या टिकल्या चिकटवल्या. टिकली दिसली की दात सोडायचे. सकाळ-संध्याकाळ गालफडं आणि कानशिलं शेकायची. जीभ टाळूला लावूनच तोंड हळूहळू उघडायचं, हनुवटी सरळ रेषेत ठेवून, आरशात बघत. जांभई आली की मूठ हनुवटीखाली. पोटावर झोपायचं नाही. काही आठवडे मऊ खाणं: खिचडी, पेज, उकडलेली भाजी, आमटीत कुस्करलेली भाकरी. पण तोंड बंद ठेवून सांध्याला पूर्ण विश्रांतीही द्यायची नाही. हलत राहिला नाही तर तो आखडतो. पोटाची आणि रक्तदाबाची चौकशी करून दुखण्याची गोळी थोड्या दिवसांसाठी दिली. आई कानात लसणाचं तेल घालायला सांगत होती, त्याला मात्र स्पष्ट नकार मिळाला.

रात्रीसाठी स्प्लिंट केला. वरच्या दातांचं माप घेतलं, कडक पारदर्शक अॅक्रिलिकची, सगळ्या दातांवर बसणारी पट्टी तयार झाली. खरं काम ती बसवताना असतं. दातांत निळा कागद धरून टक-टक चावायला लावतात. जिथे गडद ठिपका पडतो तिथे जोर जास्त, म्हणून तेवढंच घासतात, पुन्हा कागद, पुन्हा घासणं. सगळीकडे सारखे फिके ठिपके येईपर्यंत. माझ्या डॉक्टर मुलीने त्या दिवशी जेवणाची सुट्टी माझ्यापायी घालवली. स्प्लिंटने झिजलेलं हाड भरून येत नाही, हे तिने आधीच सांगितलं होतं. रात्री दात आवळले तरी जोर विभागला जावा आणि स्नायूंना उसंत मिळावी, एवढ्यासाठी तो. दिवसरात्र घालायचा नाही, आणि फक्त काही दातांवर बसणारे आयते तुकडे वापरायचे नाहीत, कारण त्यांनी दात सरकू शकतात.

यानेही तोंड उघडलं नसतं तर पुढची पायरी आर्थ्रोसेंटेसिस होती: जागा बधिर करून सुईने सांध्यात सलाइन सोडायचं आणि सांधा धुऊन काढायचा. जबड्याच्या सर्जन डोरिट नित्झान आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९१ मध्ये ही पद्धत मांडली, तेव्हापासून मोठी शस्त्रक्रिया टाळायला तिचा उपयोग होतो. माझ्यावर ती वेळ आली नाही.

फरक हळू पडला. आधी सकाळचा ताठरपणा गेला, मग कानातली कळ. नेमक्या दहावीच्या सराव परीक्षांच्या दिवसांत दुखणं पुन्हा उसळलं आणि मी घाबरले. डॉक्टर म्हणाल्या, ताणाचे दिवस आले की स्नायू असं करणार, टिकल्या आणि शेक चालू ठेवा. ते बसलं. मुख्याध्यापिका बाईंनी मला कमरेला लावायचा छोटा स्पीकर आणि कानामागचा माइक वापरायची परवानगी दिली. साठ मुलांच्या वर्गात आवाज चढवावा लागत नाही, हा औषधाइतकाच मोठा उपचार ठरला असं मला मनापासून वाटतं. शिक्षकांनी तरी तो दुखायच्या आधीच करावा. आता न दुखता ४१ मिलिमीटर तोंड उघडतं. हनुवटी किंचित उजवीकडे जाते, पूर्वीइतकी नाही.

करकर मात्र राहिली आहे. ती जाईलच असं मला कुणी सांगितलं नव्हतं. बऱ्याच रुग्णांत ही झीज काही काळ धुमसते आणि मग निवते. कुरतडलेल्या भागावर हाडाची गुळगुळीत रेघ पुन्हा धरते, सांधा बदललेल्या आकारानेच काम करत राहतो, आवाजही करतो. आवाज आहे पण दुखत नाही, तोंड उघडतं, चावता येतं, तर त्या आवाजावर उपचार करायचा नसतो. वर्गातल्या त्या मुलीला मी हे समजावून सांगितलं. तिने विज्ञानाच्या बाईंकडून कवटीचं मॉडेल आणलं आणि मधल्या सुट्टीत आम्ही दोघींनी त्याचा जबडा उघडून-मिटून सांधा पाहिला.

दाढेची कॅप आमच्या डेंटिस्टनी बसवली. सांध्याची फाइल त्यांनी आधी वाचली, मग काम छोट्या-छोट्या बैठकांत वाटलं, दाढांमध्ये रबराचा ठोकळा ठेवला म्हणजे तोंड उघडं धरायला जोर लावावा लागू नये, आणि मध्ये मध्ये थांबून मला तोंड मिटू दिलं. लांबलचक बैठकीत ताणून उघडं ठेवलेलं तोंड अशा सांध्याला फार महागात पडतं. ज्यांना सांध्याचा त्रास आहे त्यांनी खुर्चीत बसण्याआधीच डेंटिस्टला ते सांगावं.

नायरमध्ये पुढची तारीख सहामाही परीक्षेनंतरची आहे. स्प्लिंट कुठे झिजलाय का ते पाहतील, निळा कागद पुन्हा लावतील, मोजपट्टीने तोंड मोजतील. एक्स-रे पुन्हा कधी काढायचा, हे मी विचारलं होतं. केसपेपरवर मॅडमच्या अक्षरात उत्तर आहे: ठराविक काळाने काढायचा नाही. तोंड उघडणं कमी झालं, नवीन दुखणं सुरू झालं, किंवा पुढच्या दातांनी दोरा तुटेनासा झाला, तरच.